असंमतीचा अधिकार

हिशेबाचीं यंत्रें व पुढें संगणक बनविणारी अमेरिकेंतील आय्.बी.एम्. कंपनी चार दशकें एका माणसाच्या धाकावर चालली. थोरला टॉमस वॉटसन १९१४ सालीं तींत आला व १९५६ च्या जूनमध्यें वारला. (कंपनीचें आजचें नांव १९२४ चें.) त्याच्या हयातींत कारभाराचा आराखडा असा नव्हताच, जो तो अधिकारी आपलें प्रकरण घेऊन थेट त्याच्या दाराशीं जाई. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत धाकट्या वॉटसननें व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग येथें सुमारें शंभर अधिकारी तीन दिवस जमवून नवी घडी बसविली. कारखाने व विक्री चालविणारे एकीकडे, त्यांस सल्ला देणारे दुसरीकडे. या सल्लागारांच्या हातीं पुढें एक विलक्षण हत्यार आलें, तें असंमति नोंदविण्याचें. ती नोंदली कीं वाद मिटेपर्यंत प्रकरण वरच्या पायरीवर चढत जावयाचें.

ही रीत मूर्खपणाची होती असें कोणीं समजूं नये. पूर्वीं गिऱ्हाइकानें मोठें यंत्र घेतलें कीं बहुधा साऱ्या आज्ञावल्या नव्यानें लिहाव्या लागत. १९६४ च्या एप्रिलांत जाहीर झालेल्या ‘सिस्टिम ३६०’ नें ही अडचण दूर केली. पण त्यासाठीं आपल्याच चालत्या यंत्रांवर पाणी सोडावें लागलें, आणि तो निर्णय कडाक्याच्या अंतर्गत भांडणांतूनच तावूनसुलाखून निघाला.

पुढें मात्र भांडण हेंच काम होऊन बसलें. १९८१ चा लहान संगणक काढण्यासाठीं फ्लॉरिडांतील बोका रॅटन येथें एक तुकडी या साऱ्या पायऱ्यांतून मोकळी करावी लागली. सुमारें वर्षभरांत यंत्र तयार झालें. परंतु घाईपोटीं प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, आणि दोहोंपैकीं कशावरही एकाधिकार ठेवला नाहीं. नफा त्या दोन घरांकडे वाहूं लागला. माझ्या मतें हा दोष तुकडीचा कमी, तिला आडवाटेनें धांवावयास लावणाऱ्या व्यवस्थेचा अधिक.

१९९३ सालीं तोटा ८ अब्ज डॉलरांवर गेला. कंपनीचे तुकडे करण्याची तयारी चालू होती. एप्रिलांत सूत्रें हातीं घेणारा लुई गर्स्टनर हा बिस्किटें व तंबाखू विकणाऱ्या कंपनींतून आलेला. आपल्याकडे अशा नेमणुकीवर केवढें काहूर माजलें असतें! त्यानें वांटणी रद्द केली, याचें कौतुक पुष्कळ झालें आहे. असंमतीचा अधिकार त्यानें काढून घेतला, तें मला अधिक मोलाचें वाटतें. आत्मवृत्तांत तो सांगतो कीं, असंमतीचीं प्रकरणें सांभाळण्यासाठीं प्रत्येक मोठ्या विभागानें एक अधिकारी नेमावा, असें फर्मानच त्याच्या हातीं पडलें होतें.