डब्याच्या आत काय आहे? ऑइल फिल्टरची शंभर वर्षं

आजचा भाग ऐकताना मधेच टकटक ऐकू आली तर मोबाईल तपासू नका. माझ्या टेबलावर दोन ऑइल फिल्टर आहेत आणि ते दोन्ही मीच कापलेत. पत्रा कापायच्या कात्रीने, बाल्कनीत, वर्तमानपत्र पसरून. फरशीवरच्या डागाबद्दल आई अजून बोलते.

सुरुवात झाली बाबांच्या गाडीपासून. दहा वर्षांची हॅचबॅक, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. तरी या हिवाळ्यात सकाळी चावी फिरवली की दोन-तीन सेकंद इंजिन खडखडायचं आणि मग एकदम शांत. बाबा म्हणाले, आता इंजिनच उघडावं लागणार, त्यापेक्षा गाडी विकून टाकू. आमच्या गॅरेजवाल्या काकांनी मात्र आधी फिल्टर बदलला, दुसऱ्या कंपनीचा लावला, आणि दुसऱ्या दिवशीपासून आवाज गायब! मी काकांना विचारलं, "मागच्या वेळी हा जुना घेताना चांगला आहे हे कसं ठरवलंत?" ते म्हणाले, "हातात घेतला, जड लागला. खोकापण बरोबर होता."

काकांना नावं ठेवायला हा भाग नाही. डबा सीलबंद असेल तर माणूस दुसरं करणार काय? पण तो सीलबंद झाला कधी आणि कशासाठी, ती गोष्ट मला इंटरेस्टिंग वाटली.

मोटारगाड्या नवीन होत्या तेव्हा ऑइल फिल्टर नव्हताच. पंपाच्या तोंडाशी एक जाळी असायची, म्हणजे चहाच्या गाळणीसारखी. मोठा कचरा अडायचा, बारीक माती आणि धातूचे कण सरळ बेअरिंगमध्ये. ऑइलचा दर्जाही बेताचा, त्यामुळे ते सारखं बदलायला लागायचं. हसू नका, तुमच्या अॅक्टिवात आजही जाळीच आहे. स्प्लेंडरमध्ये जाळीच्या जोडीला क्रँकशाफ्टवर फिरणारा एक रोटर असतो, तो गरागरा फिरून घाण कडेला फेकतो. कागदाचा फिल्टर नाही. छोटं इंजिन, थोडं ऑइल, ते लवकर बदला, असा तो हिशोब आहे.

१९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी गाडीसाठी पहिला ऑइल फिल्टर तयार केला. नाव ठेवलं प्युरोलेटर, 'प्युअर ऑइल लेटर' या तीन शब्दांतून जुळवलेलं. १९२४च्या क्रायस्लर सिक्समध्ये फिल्टर कंपनीकडूनच बसवून यायला लागला. पुढची बरीच वर्षं बहुतेक गाड्यांत बायपास पद्धत होती. म्हणजे पंपातून निघालेल्या ऑइलचा एक छोटा वाटा फिल्टरमधून जायचा, बाकीचं न गाळता थेट इंजिनला. आपल्या इमारतीच्या टाकीतलं पाणी एका छोट्या फिल्टरमधून हळूहळू फिरवत राहावं, तसं.

दुसऱ्या महायुद्धानंतर फुल-फ्लो पद्धत रुळली. आता सगळं ऑइल इंजिनला मिळायच्या आधी फिल्टरमधून जाणार. ऐकायला छान आहे, पण इथे एक अडचण येते. फिल्टर तुंबला, किंवा थंडीत ऑइल मधासारखं घट्ट झालं, तर इंजिन उपाशी! म्हणून बायपास व्हॉल्व्ह आला. दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की तो उघडतो आणि न गाळलेलं ऑइल पुढे सोडतो. घाण ऑइल मिळालेलं इंजिन काही काळ तरी चालतं, ऑइलच मिळालं नाही तर काही मिनिटांत संपतं. हा निर्णय मला फार आवडतो. आमच्याकडे सर्व्हर डिझाइन करतानाही हाच वाद रोज होतो.

त्या काळात गॅरेजमध्ये काय चालायचं बघा. फिल्टर म्हणजे इंजिनला जोडलेलं एक लोखंडी भांडं, मधोमध लांब बोल्ट. बोल्ट सोडा, भांडं उतरवा, आतला भाग बदला, भांडं रॉकेलने धुवा, वायसर नवा टाका, परत बसवा. आपल्याकडच्या जुन्या अॅम्बेसेडरवर काम केलेल्या कुणालाही विचारा, हात कोपरापर्यंत काळे. पण नवा फिल्टर मेकॅनिकच्या हातात उघडा असायचा. कागद, चिकटवलेली जागा, टोकाच्या चकत्या, सगळं डोळ्यांसमोर.

मग १९५४ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या विक्स कंपनीने स्पिन-ऑन फिल्टर आणला. सगळं एका पत्र्याच्या डब्यात बंद. हाताने फिरवून काढा, फेकून द्या, नवा फिरवून लावा. अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांवर आलं, आणि जगभर हाच डबा पसरला. त्या दिवसापासून फिल्टर विकत घेणाऱ्याला आत बघायची सोय राहिली नाही. बघायचं असेल तर तो नासवावा लागतो. १९९०च्या दशकात अमेरिकेत हौशी लोकांनी नेमकं हेच सुरू केलं, वेगवेगळ्या ब्रँडचे नवे कोरे फिल्टर आणून कापायचे आणि फोटो लावायचे. एका नावाजलेल्या ब्रँडच्या आत टोकाच्या चकत्या पुठ्ठ्याच्या निघाल्या. केवढा गदारोळ झाला! तेव्हापासून पुठ्ठा म्हणजे वाईट आणि धातू म्हणजे चांगला, असं एक समीकरण होऊन बसलंय.

मीही तेच डोक्यात घेऊन कात्री चालवली. (करवत वापरू नका. लोखंडाचा भुसा आत पडतो आणि मग सापडलेला कण इंजिनचा की करवतीचा ते कळत नाही.) एक बाबांच्या गाडीतून निघालेला जुना, दुसरा काकांनी नंतर लावला त्याच कंपनीचा नवा. तुलना पूर्ण न्यायाची नाही हे मान्य, कारण पहिला वर्षभर इंजिनवर भाजलाय.

पहिला, म्हणजे खडखडणारा. पत्रा जाड, चकत्या धातूच्या, त्यामुळे जड. आता तळाची प्लेट काढली. प्लेटवर कडेने जी छोटी भोकं दिसतात तिथून ऑइल आत शिरतं, कागदातून बाहेरून आत गाळलं जातं आणि मधल्या आट्याच्या भोकातून इंजिनकडे जातं. त्या छोट्या भोकांच्या मागे रबराची एक पाकळी असते, अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली ओघळू नये म्हणून ती भोकं झाकून धरते. आमच्या इंजिनवर फिल्टर आडवा आहे, त्यामुळे ही पाकळी फार महत्त्वाची. (तोंड वर करून उभा बसणाऱ्या फिल्टरला तिची गरजच नसते.) ती कडक होऊन कडेने वळली होती, नखाने वाकवली तर परत बसेना. रात्रभरात फिल्टर रिकामा आणि सकाळी तो पुन्हा भरेपर्यंत इंजिन कोरडं. तीच ती खडखड.

मग कागद उलगडला. घड्या एका बाजूला गर्दी करून बसलेल्या, दुसऱ्या बाजूला बोटभर मोकळी जागा. कागदाची दोन टोकं जिथे जोडतात ती शिवण खालच्या अंगाला नख घातल्यावर सुटली. तिथून ऑइल जात असेल तर ते गाळलं जातच नव्हतं.

दुसरा वजनाला हलका. पाकळी सिलिकॉनची, मऊ. साध्या नायट्राइल रबरापेक्षा सिलिकॉन उष्णता जास्त दिवस सोसतं. घड्या एकसारख्या, शिवणीला धातूची पट्टी. आणि चकत्या? पुठ्ठ्यासारख्या फायबरच्या! पण कागद त्यांना सगळीकडून नीट चिकटलेला, ओढून सुटला नाही. चकतीचं काम घड्यांची टोकं बंद करायचं. ती कशाची आहे यापेक्षा चिकटलीय कशी हे बघायचं. जड डबा आणि धातूची चकती, माझे आणि काकांचे दोन्ही निकष त्या दिवशी बाद झाले.

एक गोष्ट मात्र कापून कधीच कळत नाही, कागद नेमकं किती बारीक गाळतो ते. कोड वाचणं वेगळं, टेस्ट चालवणं वेगळं. त्याची टेस्ट म्हणजे आयएसओ ४५४८-१२. ऑइलमध्ये ठरावीक आकाराची धूळ सोडतात (ही प्रमाणित धूळ मूळची अॅरिझोनाच्या वाळवंटातली), ऑइल फिल्टरमधून पुन्हापुन्हा फिरवतात आणि आधीचे व नंतरचे कण मोजतात. म्हणून खोक्यावर नुसतं '९९ टक्के' असेल तर त्याला अर्थ नाही, किती मायक्रॉनला ते लिहिलेलं हवं. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. जनरल मोटर्सच्या लोकांचा १९८८चा एक पेपर आहे. ४० मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या फिल्टरने इंजिनची झीज निम्म्याने घटली, १५च्या फिल्टरने ७० टक्क्यांनी. डोळ्यांना न दिसणारी धूळच इंजिन खाते.

न कापता काय बघता येईल, हे काकांनीच शोधलं. कापलेले तुकडे मी त्यांच्याकडे नेले होते. त्यांनी पाकळी दोन बोटांत धरून बघितली, काही बोलले नाहीत. मग कपाटातले नवे फिल्टर काढले. कडेच्या भोकातून बोथट काडीने पाकळी दाबायची, ती लगेच परत येते का बघायचं. मधल्या भोकात टॉर्च मारून आतल्या नळीची छिद्रं नीट उघडली आहेत का बघायचं, कधीकधी ती अर्धवटच फुटलेली असतात. बायपास व्हॉल्व्ह दिसला नाही म्हणून लगेच फिल्टर नकली म्हणायचं नाही, काही इंजिनांत तो ब्लॉकमध्येच असतो. सातपैकी दोन फिल्टर त्यांनी बाजूला ठेवले, दुकानदाराला परत करायला.

आता बऱ्याच युरोपियन गाड्यांत आणि टोयोटाच्या अनेक इंजिनांत डबा नाही. झाकण उघडा, नुसता कागदी भाग बदला, पत्र्याचा कचराही वाचतो. म्हणजे फिल्टर परत मेकॅनिकच्या हातात उघडा आला. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे परत हात काळे." आणि बाबांच्या गाडीचं बॉनेट लावून टाकलं.