रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांच्या तोंडाची काळजी

ल्युकेमियाचे उपचार सुरू असताना मुलाचे तोंड स्वच्छ ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे. पांढऱ्या पेशी कमी असल्या की तोंडातील छोट्या जखमेतूनही जंतू रक्तात शिरू शकतात.

तोंडात काय दिसते?
हिरड्या सुजणे किंवा त्यातून रक्त येणे हे आजाराचे पहिले लक्षणही असू शकते. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनंतर साधारण ५ ते १० दिवसांत तोंड येते, गिळताना दुखते. पांढरे चट्टे बुरशीमुळे असू शकतात. तोंड कोरडे पडले की दात लवकर किडतात.

रोज काय करावे?
• मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट दिवसातून दोनदा वापरा. ब्रश सहन होत नसेल तर ओल्या, स्वच्छ गॉजने दात पुसा.
• मुलाला चूळ थुंकता येत असेल, तर खाल्ल्यावर आणि गोड सिरपनंतर साध्या पाण्याने किंवा मीठ-सोड्याच्या पाण्याने चुळा भरायला लावा.
• मिश्री, राखुंडी, अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळा.
• तोंड आले असेल तर कोमट पेज, मऊ खिचडी द्या. तिखट आणि कुरकुरीत पदार्थ नकोत. वसईची सुकेळी दातांना चिकटते. ती खाल्ल्यास दात लगेच साफ करा.
• रोज उजेडात तोंड तपासा.

दात दुखला तर?
आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारा. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स पाहिल्याशिवाय दात काढू नये. दंतवैद्यांना उपचारांची फाइल दाखवा. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःहून देऊ नका.

थांबू नये अशी वेळ
ताप १००.४ अंश फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा जास्त, थंडी वाजणे, न थांबणारा रक्तस्राव, पाणीही न गिळता येणे: लगेच रुग्णालय गाठा. ताप दाबण्यासाठी पॅरासिटॅमॉल देऊन सकाळची वाट पाहू नका.

वसई-विरारमधील अनेक मुलांचे उपचार परळच्या टाटा मेमोरियलमध्ये चालतात. रात्री तिथे पोहोचायला वेळ लागतो. म्हणून ‘रात्री ताप आला तर जवळ कुठे न्यायचे?’ हे पुढच्या भेटीतच विचारून फाइलवर लिहून घ्या.

उपचार संपल्यावरही दर सहा महिन्यांनी दात तपासा. लहान वयात केमोथेरपी झाली असेल, तर कायमचे दात छोटे किंवा कमी येऊ शकतात.