बंदुकीच्या नळीतील मद्य

सातपुड्याच्या कुशीतील खकनारचा मुलूख हा मोहाच्या झाडांचा आणि कोरकूंच्या वस्तीचा. पलीकडे मेळघाट लागतो. २००३ साली पूर्व निमाडातून बऱ्हाणपूर जिल्हा वेगळा निघाला, तेव्हापासून खकनार ही त्याची एक तहसील आहे. या भागात दारूचा विषय निघाला की बोट आपसूक मोहाच्या भट्टीकडे आणि वनवासी माणसाकडे वळते. वस्तुतः या प्रदेशाच्या लिखित इतिहासात दारूपायी ओढवलेली जी दोन मरणे ठळकपणे नोंदलेली आहेत, ती झोपडीतील नव्हेत. ती बऱ्हाणपुरात, खुद्द दिल्लीपतींच्या घराण्यात घडली.

१६०१ साली असीरगड अकबराच्या हाती आला आणि खानदेशचा सुभा शहाजादा दानियालकडे गेला. त्याच्या नावावरून खानदेशास काही काळ 'दानदेश' असेही म्हटले जाई. दानियाल मद्याच्या पुरता आहारी गेला होता. थोरला भाऊ मुराद १५९९ मध्ये दक्षिणेतच त्याच व्यसनाने गेला होता. त्यामुळे अकबराने आज्ञांवर आज्ञा पाठविल्या. शहाजाद्याचा सासरा अब्दुर्रहीम खानखानान, ज्याचे नीतिपर दोहे आपल्या मुलांना आजही शाळेत शिकवितात, त्याने पहारे बसविले आणि मद्याचा थेंब आत जाऊ नये असा बंदोबस्त केला.

मग जे घडले ते जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. दानियालने आपल्या एका बंदूकधारी सेवकाची विनवणी केली. शहाजाद्याची एक आवडती बंदूक होती; तिच्या नळीत दोनदा गाळलेला कडक अर्क भरून सेवकाने तो पहाऱ्यातून आत नेला. नळीतील गंज आणि दारूगोळ्याचा अंश त्यात विरघळला होता. तो पिऊन शहाजादा जो आडवा झाला तो पुन्हा उठला नाही. साल १६०५, वय तेहतिसाच्या आत. दोष विषारी गंजाचा की वर्षानुवर्षांच्या पिण्याने पोखरलेल्या देहाचा, याचा निवाडा आज कोणी करू शकणार नाही. परंतु पहारा हरला एवढे निश्चित.

दहा वर्षांनी, १६१५ मध्ये, इंग्रज वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरात आला. तेथे जहांगीराचा पुत्र परवीज होता. रोने नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची पेटी दिली, आणि शहाजादा ती पिऊन असा बेहोश झाला की ठरलेली पुढली भेट राहूनच गेली. परवीजही १६२६ मध्ये बऱ्हाणपुरातच मद्यापायी वारला.

या घराण्यात एकच माणूस या दलदलीतून निम्मा तरी बाहेर आला, तो जहांगीर. तो शहाजादा सलीम असताना दिवसाकाठी वीस पेले अर्क घेई. हात इतके कापत की पेला दुसऱ्याने ओठाला लावावा लागे. हकीम हुमामने त्याला स्पष्ट बजावले की असेच चालले तर सहा महिन्यांत उपाय उरणार नाही. त्यानंतर पहारा बसला नाही. अर्कात सौम्य मद्य मिसळण्यात आले, दोन भाग मद्य व एक भाग अर्क. जोडीस फिलूनिया नावाचे अफूयुक्त औषध दिले गेले. आणि सात वर्षांत वीस पेल्यांवरून सहा पेल्यांवर येऊन तो स्थिरावला. यात त्याला अफूची सवय जडली, हे त्याने लपविलेले नाही. उपाय सदोष होता खरा. तथापि दोघे भाऊ तिशीच्या आसपास संपले आणि हा १६२७ पर्यंत जगला.

आपल्याकडील चरकसंहितेला हा विचार परका नाही. तिच्या सूत्रस्थानात अहितकर सवय एकदम न तोडता पादापादाने सोडण्याचा क्रम सांगितला आहे, आणि चिकित्सास्थानात मदात्ययावर स्वतंत्र अध्याय आहे. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्या मंदिरसमाजात व्यसनी माणसाला देवापुढे उभे करून शपथ घालण्याची, माळ घालण्याची रीत आहे. ती रीत चांगली आहे. तिने कित्येक संसार सावरले. परंतु वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने शपथेच्या दिवशी एकाएकी थांबावे, तर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हातपाय कापतात, घाम फुटतो, झटके येऊ शकतात, भिंतीवर नसलेले किडे दिसू लागतात. घरचे याला देवाचा कोप वा बाहेरची बाधा समजतात. आधुनिक वैद्यकात याला डिलीरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचाराविना यात माणूस दगावतो. १९६० साली बाजारात आलेले क्लोरडायझेपॉक्साइड आणि त्याच्या जातीची औषधे काही दिवस देऊन क्रमाने उतरविली, जोडीस ब-१ जीवनसत्त्व दिले, की हाच काळ बहुधा निर्विघ्न पार पडतो. शपथेची तिथी ठरविताना पुजाऱ्याइतकाच डॉक्टरचाही सल्ला घ्यावा, तो यासाठी.

पुढे शपथ टिकविण्याचीही औषधे निघाली. डायसल्फिरॅमचा गुण १९४८ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला: ते घेतलेल्या माणसाने दारू प्याली तर चेहरा तापतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. ते एक प्रकारे पोटातला पहारेकरीच आहे. मात्र काही घरांत ते नकळत भाजीत कालवून दिले जाते. हे कृत्य धोक्याचे आणि बेकायदाही आहे. यकृत आणि हृदय तपासल्यावाचून, माणसाच्या संमतीवाचून ते देता येत नाही. नालट्रेक्सोनची रीत निराळी. ते पिण्यातील गोडी कमी करते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिल व डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साह्याने मुक्तांगण काढले, तेव्हापासून औषध आणि माणसांची संगत एकत्र नांदू शकतात हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

कायदा मात्र बराच काळ खानखानानाच्या वाटेनेच चालला. १९१२ च्या कायद्यात मनोरुग्णासाठी शब्द होता 'ल्युनेटिक'. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही सेवन हा गुन्हाच आहे. तथापि त्याचे ६४-अ हे कलम वकिलांनाही क्वचित आठवते. थोड्या प्रमाणातील गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी जर स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालू नये, असे ते सांगते. उपचार अर्धवट सोडल्यास ही सवलत काढून घेता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर मद्य आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून उद्भवणारी मनोवस्था थेट मानसिक आजाराच्या व्याख्येतच घातली. खकनारच्या आठवडी बाजारातून झिंगून परतणारा मजूर आणि बऱ्हाणपूरचा शहाजादा, दोघेही त्या व्याख्येत बसतात.