परिचारिकेची व्यावसायिक ओळख: अपुऱ्या मनुष्यबळात ती कशी टिकते?

आपल्या कामाचे ज्ञान, त्यातली मूल्ये आणि त्यातून येणारी जबाबदारी स्वतःची वाटणे, याला व्यावसायिक ओळख म्हणतात. गणवेश आणि पदनाम नोकरीबरोबर मिळते. ही ओळख मात्र रोजच्या कामातून घडते आणि कामाच्या ताणाखाली झिजतेही.

वसई-विरारमधील ताण

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून 2009 मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांवर होती. वसईचे सर डी. एम. पेटिट आणि नालासोपाऱ्याचे तुळिंज ही पालिकेची रुग्णालये. गंभीर रुग्णाला अनेकदा मुंबईला हलवावे लागते. एप्रिल 2021 मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, येथील रुग्णालयांना ऑक्सिजनच्या टंचाईलाही तोंड द्यावे लागले.

आधी काय सुटते?

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात 5 रुग्णांमागे 1 परिचारिका हवी. रुग्ण वाढले तरी इंजेक्शन आणि सलाइन सहसा चुकत नाही, कारण त्याचा लेखी आदेश असतो. कूस बदलून देणे, भरवणे, चालवणे, धीर देणे, घरी जाताना पथ्य समजावणे ही कामे मात्र राहून जातात. अमेरिकी संशोधक बिॲट्रिस कॅलिश यांनी 2006 मध्ये अशा राहून गेलेल्या शुश्रूषेकडे लक्ष वेधले. शुश्रूषेचा गाभा असलेलीच कामे सुटल्यावर ‘आपण फक्त आदेश पाळतो’ असे वाटू लागते. योग्य काय ते कळते, पण करता येत नाही, या घुसमटीला अँड्र्यू जेम्टन यांनी 1984 मध्ये ‘नैतिक क्लेश’ म्हटले.

ओळख कशाने टिकते?

• पाळी बदलताना खाटेजवळ उभे राहून रुग्णाची माहिती पुढच्या परिचारिकेला देणे.
• झालेल्या कामाइतकीच राहून गेलेल्या कामाचीही खरी नोंद करणे. न केलेले काम ‘केले’ असे लिहिणे रुग्णालाही धोक्याचे.
• आधी कोणाकडे पाहायचे, हे सर्वांनी मिळून पाळीच्या सुरुवातीलाच ठरवणे.
• मनुष्यबळ किंवा साहित्य कमी असल्यास परिसेविकेला लेखी कळवणे.
• रुग्ण मुंबईला पाठवताना दिलेली औषधे आणि वेळा चिठ्ठीत नमूद करणे.

याची मर्यादा

या सवयी रिकाम्या पदांची जागा घेऊ शकत नाहीत. लिंडा एकन यांच्या 2002 च्या अमेरिकेतील अभ्यासात, दर परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या 30 दिवसांतील मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्यामुळे कमतरतेची लेखी नोंद ही तक्रार ठरत नाही. ती शुश्रूषेचाच भाग आहे. पदे भरण्याची जबाबदारी प्रशासनाची असते, आणि ती कुठे अपुरी पडते हे त्या नोंदीतूनच दिसते.