गृध्रसी

साखरा गावच्या शिवारात हळदीची काढणी सुरू झाली की दिवसभर वाकून कंद वेचणाऱ्या बायकांच्या तोंडी ‘कंबर धरली’ हे ठरलेलं. पण तीच कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत, पार पावलापर्यंत उतरली की तिचं नाव होतं सायटिका. हा शब्द ग्रीक ‘इस्कियॉन’चा, म्हणजे खुब्याच्या हाडाचा, लॅटिनमधून झिजत आपल्यापर्यंत आला. त्यात दुखण्याचा पत्ता आहे, रूप नाही.

रूप आहे ते आयुर्वेदाच्या ‘गृध्रसी’त. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी तसाच पाय ओढत, अंग झुकवून चालतो, अशी वैद्यांची उपपत्ती. (निरीक्षण पक्कं, माया कमी!) चरकाने तर कळ कुल्ल्यापासून कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी अशी पावलापर्यंत नेली आहे, नसेचा नकाशा हाती नसताना.

मणक्यांमधली गादी सरकून नसेचं मूळ दाबलं जातं, हे मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली ठसवलं. बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो. लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर मात्र लेप-शेक सोडून त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा.