दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा नियम कालबाह्य का ठरला?

ऑफिसच्या कम्प्युटरवर ‘तुमच्या पासवर्डची मुदत संपत आली आहे’ असा मेसेज आला की बरेच जण जुन्याच पासवर्डमधला शेवटचा 1 काढून 2 टाकतात.

नेमकं हेच हॅकर्सच्या पथ्यावर पडतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी 2010 मध्ये 7,700 हून अधिक बंद खात्यांचे पासवर्ड तपासले. आधीचा पासवर्ड माहीत असेल, तर 17 टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड साधारण पाच प्रयत्नांत ओळखता येत होता.

पासवर्ड ठरावीक काळाने बदलण्याचा सल्ला रुजला तो ‘निस्ट’ या अमेरिकी सरकारी संस्थेतील बिल बर यांनी 2003 मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शक सूचनांमुळे. 2017 मध्ये बर यांनीच त्याबद्दल खंत व्यक्त केली. त्याच वर्षी निस्टने भूमिका बदलली : पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल, तरच तो बदलायला लावा. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजसाठीच्या सुरक्षा शिफारशींमधून ही मुदत काढून टाकली.

मग काय करायचं? पासवर्ड लांब ठेवा, प्रत्येक खात्याला वेगळा ठेवा आणि टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन सुरू करा. पासवर्ड फुटल्याचं कळलं, तर मात्र लगेच बदला. तेव्हा नुसता शेवटचा आकडा बदलून भागणार नाही.