अलीगढचा बंद पडलेला वर्ग

नामपूरहून पुण्याला पत्रकारिता शिकायला निघालो, तेव्हा अब्बांनी एवढंच विचारलं, "अखबार में लिखने के लिए भी कालिज लगता क्या?" मोसमकाठच्या आमच्या गावात शिक्षण म्हणजे डीएड, नाहीतर आयटीआय. बाजारात अहिराणी, घरात उर्दू, शाळेत मराठी असं बोलत मी वाढलो. पण आमच्या मोहल्ल्यातलं कुणी मराठी पेपरात काम करताना पाहिलं नव्हतं.

अब्बांचा प्रश्न चुकीचा नव्हता. १८३२ मध्ये 'दर्पण' काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांकडे किंवा १९१२ मध्ये 'अल-हिलाल' सुरू करणाऱ्या मौलाना आझादांकडे पत्रकारितेची पदवी कुठे होती? मग ती हवी कशाला?

उत्तर शोधताना मला एक गोष्ट सापडली, जी आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. भारतातल्या एखाद्या विद्यापीठात पत्रकारितेचा अभ्यासक्रम सुरू करण्याचा अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक १९३८ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठात झाला. पुढाकार होता सर शाह मुहम्मद सुलेमान यांचा आणि शिकवण्याची जबाबदारी होती रहम अली अल-हाशमी यांच्याकडे. सुलेमान पत्रकार नव्हते, फेडरल कोर्टाचे न्यायाधीश होते. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही, हे त्यांच्या पेशाचंच तत्त्व. बातमीलाही ते लागू पडतं, असं मला वाटतं.

तो वर्ग काही वर्षांतच बंद पडला. १९४१ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंह यांनी विभाग सुरू केला. फाळणीनंतर तो दिल्लीत आणि पुढे चंदीगडला गेला. महाराष्ट्रात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ मध्ये आणि पुणे विद्यापीठात १९६४ मध्ये पत्रकारितेचं शिक्षण सुरू झालं. १९८२ मध्ये दिल्लीच्या जामिया मिल्लियात अन्वर जमाल किदवई यांनी जनसंज्ञापनाचं केंद्र उभारलं. म्हणजे या शिक्षणाच्या आरंभी आपली माणसं होती. वर्गात बसणारे मात्र कमी पडले. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार वीस वर्षांवरच्या मुस्लिमांत पदवीधर किंवा पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी होते.

या पदवीनं मला काय दिलं, ते एका प्रसंगातून सांगतो. गावातल्या बाजारात हातगाडी लावण्यावरून दोघांचं भांडण झालं होतं. एक आपला, एक दुसऱ्या समाजाचा. एका पेपरात बातमी आली, 'दोन गटांत तणाव'. बातमीदार गावात आलाच नव्हता. तो राग मनात घेऊनच मी पुण्याला गेलो होतो. पहिल्या सत्रात लेख लिहायला सांगितला, तेव्हा तीच हकीकत लिहिली. सरांनी वाचून विचारलं, "त्या दुसऱ्या गाडीवाल्याशी बोललास का?"

बोललो नव्हतो. ज्या चुकीबद्दल मी त्या बातमीदाराला नावं ठेवत होतो, तीच मी केली होती.

दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो. त्यानं चहा पाजला आणि सगळं सांगितलं. ती जागा दोन वर्षांपासून त्याची होती. आमच्या माणसानं त्या दिवशी आधी येऊन गाडी लावली होती. तणाव नव्हता हे खरं, पण चूक आमच्याकडूनही होती. लेख मी पुन्हा लिहिला. मोहल्ल्यातले काहीजण नाराज झाले. अब्बांनी तो दोनदा वाचला, आणि कालिजचा प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

आपल्याबद्दल खोटं छापून येतं, ही तक्रार रास्त आहे. पण मोबाइलवर आलेला मजकूर न तपासता पुढे पाठवताना आपण तरी वेगळं काय करतो? गावातली मुलंमुली मला या शिक्षणाबद्दल विचारतात. नोकरीची हमी मी देत नाही. अलीगढच्या त्या वर्गाची गोष्ट सांगतो आणि म्हणतो, त्यातली एक रिकामी जागा तुमची आहे.